डिकीत राहिलेली परीक्षानळी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट आहे. एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी विद्यापीठातून यीस्टचे संवर्धन असलेली परीक्षानळी घेऊन आमच्या महाविद्यालयात येणार होती. सकाळी अकराला तिने ती नळी कापसात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवली, वाटेत पूर्व भागातल्या घरी काही काम निघाले म्हणून ती थांबली आणि आमच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. तेवढा वेळ स्कूटर उन्हात उभी होती. सोलापूरच्या मेमध्ये उन्हात उभ्या राहिलेल्या स्कूटरचे आसन हाताला कसे लागते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. नळीतला द्रव वरवर पाहता तसाच होता. तळाशी पांढुरका गाळ बसला होता, ताकाची निवळी वर आली की खाली बसतो तसा. मी त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला, मिथिलीन ब्ल्यू मिसळले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जिवंत पेशी हा रंग आत शिरला तरी त्याला रंगहीन करून टाकतात. मेलेल्या पेशींना ते जमत नाही, त्या निळ्याच राहतात. जिकडे पाहावे तिकडे निळे ठिपके होते.

“मॅडम, हे तर डिकीतच मेलं,” ती म्हणाली. मग थोडी थांबून तिने विचारले, “काल तासाला तुम्ही सांगितलं, सत्तर अंशांत टिकणारं विकर ह्याच यीस्टमध्ये घडवतात म्हणून. ज्याला आपल्याकडचे तीन तास सोसले नाहीत, ते दुसऱ्याला सोसायला कसं शिकवणार?”

मी तिला उत्तर दिले आणि ते बरोबरही होते. तरी तो प्रश्न त्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकल्यावरही माझ्याबरोबर होता.

उत्तर असे होते. यीस्टला उष्णता सोसावी लागतच नाही. ज्या विकराला, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, टिकाऊ करायचे, त्याच्या जनुकाच्या प्रती काढताना मुद्दाम चुका होऊ द्यायच्या. पीसीआर, म्हणजे नळीत जनुकाच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, तिच्या मिश्रणात थोडे मँगनीज घातले की प्रती काढणाऱ्या विकराचा हात घसरू लागतो आणि प्रत्येक प्रत मूळ जनुकापासून एखाद-दुसऱ्या अक्षराने वेगळी निघते. या प्रतींचे तुकडे यीस्टच्या पेशीत सोडले की जिथे टोके एकमेकांशी जुळतात तिथे यीस्ट ते स्वतःच सांधते. तिच्या घरी माग आहेत, म्हणून मी तिला तुटलेला ताणा सांधण्याची आठवण करून दिली आणि तिने लगेच मान हलवली. मग प्रत्येक पेशीपासून एकेक वसाहत वाढते, प्रत्येक वसाहत विकराचे आपापले वेगळे रूप घडवते आणि ते बाहेरच्या द्रवात सोडते. हे सगळे ३० अंशांवर, यीस्टला मानवेल अशा सावलीत होते. त्यानंतर तो द्रव काढून त्याचे दोन भाग करायचे. एक भाग ७० अंशांवर दहा मिनिटे ठेवून थंड करायचा, दुसरा तसाच राहू द्यायचा आणि दोन्हींत विकर किती काम करते ते मोजायचे. कढत पाण्यात जाते ते यीस्टने घडवून बाहेर टाकलेले प्रथिन, आणि ज्या पेशींत त्याचे जनुक आहे त्या दुसऱ्या प्लेटमध्ये सुरक्षित राखलेल्या असतात. हे सगळे खळग्यांच्या प्लेटीत, दर वसाहतीला एक क्रमांकाचा खळगा देऊन चालते. ज्या खळग्यातले विकर टिकले त्याचा क्रमांक पाहायचा, त्या क्रमांकाची वसाहत राखीव प्लेटमधून उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. यालाच निर्देशित उत्क्रांती म्हणतात.

“म्हणजे परीक्षा ह्याची नाहीच,” ती नळीकडे पाहत म्हणाली. मी हो म्हटले. पण त्या ‘हो’मध्ये काहीतरी राहून गेले, असे मला वाटत राहिले.

माझे वडील, अण्णा, इथल्या एका कापड गिरणीच्या प्रोसेस खात्यात होते. मागावर चढणाऱ्या ताण्याला खळ द्यावी लागते. पिठूळ खळीचा लेप बसला नाही, तर फणीच्या आणि धोट्याच्या घासण्याने उभा धागा तुटतो. पण कापड विणून झाले की तीच खळ शत्रू होते, कारण तिच्यामुळे रंग धाग्यात नीट शिरत नाही आणि कापडावर डाग-डाग उमटतात. म्हणून रंगाईच्या आधी खळ काढायची. फार पूर्वी कापड ओले करून हौदात रात्रभर ठेवत आणि हवेतले, पाण्यातले जंतू ती खळ आंबवून खात. त्या आंबूस वासाच्या गोष्टी अण्णांनी आपल्याहून वडीलधाऱ्या कामगारांकडून ऐकल्या होत्या. एखाद्या रात्री जंतू खळीवर थांबत नसत, कापडालाही लागत. अण्णांच्या काळात विकर आलेले होते. ते त्याला नुसते ‘औषध’ म्हणत. ते अमायलेज होते, म्हणजे आपल्या लाळेत असते त्याच जातीचे, भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो ते ज्याच्यामुळे. अडचण अशी की पिठाचे कण कढत पाण्यातच नीट फुगतात आणि सुटतात, तर साध्या माल्टमधले अमायलेज ६० अंशांच्या वर फार वेळ तग धरत नाही. पाणी गार ठेवावे तर खळ सुटत नाही आणि तापवावे तर औषध मरते. बॅसिलस जिवाणूंची उकळत्याच्या जवळ जाणाऱ्या पाण्यातही काम करणारी अमायलेजे आली आणि हा पेच सुटला.

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात आयोडीनची एक लहान बाटली असे. धुऊन आलेल्या कापडावर ते एक थेंब टाकत. डाग निळा-जांभळा झाला तर खळ बाकी आहे, नुसता पिवळट राहिला तर कापड रंगाईला जाऊ शकते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे कायम तपकिरी असत. पुढे पुण्यात संशोधन करताना मी पिठाचे आगर भरलेल्या प्लेटवर यीस्टच्या वसाहती वाढवल्या आणि त्यावर आयोडीन ओतले तेव्हा सगळी प्लेट गर्द निळी झाली, पण काही वसाहतींभोवती मात्र स्वच्छ, रंगहीन कडी उमटली. साध्या बेकरीच्या यीस्टला पीठ पचवता येत नाही. ज्या पेशीत आम्ही परके अमायलेजचे जनुक घातले होते, तिनेच आपल्याभोवतीचे पीठ खाऊन ते अंगण मोकळे केले होते. चंद्राला खळे पडते तसे ते दिसत होते. माझीही बोटे त्या संध्याकाळी तपकिरी झाली होती आणि मी ती बराच वेळ धुतली नाहीत.

पुण्यातली ती वर्षे म्हणजे ९६ खळग्यांच्या प्लेटी. आठ ओळी, बारा रकाने, आणि दर खळग्यात यीस्टचा एकेक वंश. तीनशे अमिनो आम्लांच्या एका प्रथिनात एका वेळी एकच आम्ल बदलायचे म्हटले, तर ५,७०० रूपे होतात. एका वेळी दोन बदलायची म्हटली, तर १ कोटी ६१ लाखांहून अधिक. माणसाला एवढे सगळे तपासता येत नाही, म्हणून एका पिढीतला थोडा फायदा उचलायचा, त्याच्यावर पुढची पिढी उभी करायची आणि असे पायरी-पायरीने चढत जायचे. बहुतेक बदल निरुपयोगी निघतात, बरेचसे घातक निघतात. आपण ज्याला शोध म्हणतो त्यातला मोठा भाग असे काहीही न सापडण्याचा असतो आणि मला तो भाग त्या वयात फार जड गेला. शिवाय खोटे विजेते निघत. एखाद्या खळग्यातले विकर तापवल्यावरही भरपूर काम करताना दिसे, आणि नंतर कळे की ते टिकाऊ वगैरे काही नव्हते; त्या वसाहतीने ते मुळातच जास्त घडवले होते. म्हणून तापवलेल्या भागाला न तापवलेल्या भागाने भागायचे असते. किती उरले यापेक्षा असलेल्यातले किती उरले, हे विचारायचे असते. कडेच्या खळग्यांतले पाणी उन्हाळ्यात उडून जाई आणि त्यांतली मापे फुगत. आणखी एक फसगत यीस्टच्या स्वभावातच आहे. बाहेर सोडायच्या प्रथिनावर ते साखरेच्या लांबलचक साखळ्या चढवते आणि त्या साखळ्यांमुळेही विकर उष्णतेत जरा जास्त टिकते. तेच जनुक दुसऱ्या जिवात नेले की ते बळ नाहीसे होते.

एकदा मात्र खरा विजेता मिळाला. दहा मिनिटे तापवूनही त्याचे बहुतेक काम शाबूत राहत होते. आम्ही त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले. आठवड्याभराने लक्षात आले, की साध्या तापमानाला ते मूळ विकराच्या निम्म्यानेही काम करत नाही. विकर काम करते ते थोडे हलते म्हणून. त्याची घडी जिथे पीठ पकडते तिथे तिला उघडझाप करावी लागते. घडीला ठिकठिकाणी टाके पडून ती घट्ट झाली की ती उष्णतेत उसवत नाही, पण तीच घट्टपणाने अवघडतेही. टिकणे आणि चपळ असणे यांचे वैर अटळ आहे, असे मात्र नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधक फ्रान्सेस अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेने एस्टरेज जातीच्या एका विकराचे उसवण्याचे तापमान सहा पिढ्यांत १४ अंशांहून अधिक वाढवले आणि कमी तापमानाची त्याची कार्यक्षमताही राखली. ते काम जिवाणूंत झाले होते, पण धडा यीस्टलाही तोच लागू होतो. त्यांनी दोन्ही गोष्टी मोजल्या होत्या. आम्ही एकच मोजली होती. या क्षेत्रात एक वचन सगळ्यांच्या तोंडी असते, की जे चाळाल तेच मिळेल. आम्ही फक्त सोसण्याची चाळण लावली, आणि नुसते सोसणारे एक विकर आमच्या हाती आले.

अण्णाही असेच नावाजले जात. मे महिन्यात प्रोसेस खात्यात बाहेरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर वाफेची भर पडे. तिथे टिकून राहणारा माणूस म्हणून खात्यात त्यांचा मान होता आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. संध्याकाळी घरी आल्यावर ते अंगणात बाजेवर पडून राहत. कोणी काही विचारले तर उत्तर येईपर्यंत इतका वेळ जाई, की विचारणारा निघून जाई. आईने ठेवलेले ताक तसेच राही. त्यांच्या त्या संध्याकाळी कोणी मोजल्या नव्हत्या, आणि मीही त्या आठवायला एका अवघडलेल्या विकराची वाट पाहिली, याचे मला अजून वाईट वाटते.

अर्नोल्ड यांनी १९९३ साली पहिले मोठे यश दाखवले ते उष्णतेत नव्हे, तर डायमिथिलफॉर्मामाइड या द्रावकात. त्यात सबटिलिसिन हे विकर जवळजवळ निकामी होते. तिसऱ्या पिढीत त्यांना मूळच्यापेक्षा २५६ पट चांगले काम करणारे रूप मिळाले, आणि त्यात दहा बदल होते. ते दहा बदल असे एकत्र आले तर उपयोगी पडतील, हे कागदावर बसून कोणाला सांगता आले नसते. २०१८ साली त्यांना रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल पारितोषिक मिळाले. पण सोलापूरकर म्हणून मला जवळचा वाटतो तो १९९९ सालचा दुसऱ्याच एका गटाचा प्रयोग, कारण तो धुण्याच्या कापडाचा आहे. शेणखतावर उगवणाऱ्या एका कुत्र्याच्या छत्रीतले पेरॉक्सिडेज धुण्याच्या पावडरीत घालायचे होते, म्हणजे एका कपड्यातून सुटलेला रंग दुसऱ्याला लागण्याआधीच पाण्यात नष्ट होईल. ज्या घरात नवी लाल चादर आणि आजोबांचे धोतर एकाच बादलीत भिजले आहे, त्या घराला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परंतु ५० अंशांचे पाणी, साडेदहाचा सामू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांपुढे ते नाजूक विकर लगेच मान टाकत असे. संशोधकांनी त्याची रूपे यीस्टमध्ये घडवली, चांगली निघालेली रूपे यीस्टच्याच पेशीत एकमेकांत मिसळू दिली आणि शेवटी उष्णतेत मूळच्यापेक्षा १७४ पट टिकाऊ असे विकर मिळवले. बुरशीचे विकर जिवाणूला सहसा नीट घडवता येत नाही. यीस्ट हे बुरशीच्याच गोतातले असल्यामुळे त्याला ती घडी ओळखीची असते.

आजीचे घर मंगळवेढ्याकडे होते. सुगीत ती ज्वारीच्या पिकातून हिंडत बियाण्याची कणसे निवडायची. मला वाटे की मोठे, टपोऱ्या दाण्याचे कणीस दिसले की तोडले. पण ती आधी ताटाकडे बघे, कणसाकडे नंतर. ताट उंच हवे, कारण दाणा माणसांचा आणि कडबा जनावरांचा. आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहिली पाहिजे, म्हणून गेल्या वर्षी कोणत्या वाफ्यातले पीठ चांगले निघाले तेही तिच्या लक्षात असे. पुढे बुटके संकरित वाण आले, त्यांनी पोती भरून दाणा दिला, पण रब्बीत आमच्या भागातला शेतकरी मालदांडी सोडायला तयार झाला नाही. ते वाण ज्यांनी काढले त्यांनी दाणा मोजला होता. आजी एका नजरेत तीन गोष्टी मोजत होती. प्रयोगशाळेत तीन गोष्टी मोजायच्या म्हणजे तिप्पट प्लेटी, तिप्पट वेळ आणि तिप्पट खर्च. हे मला माहीत आहे, आणि तरीही आजी हे अंगठ्याने आणि डोळ्यांनी कसे करी, याचे आश्चर्य मला अजून वाटते.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी दिलेल्या उत्तरात काय राहिले होते, ते मला तिसऱ्या दिवशी उमगले. यीस्टची परीक्षा होतच नाही, असे मी म्हटले होते. पण अलीकडच्या काही पद्धतींत ती होते. अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चँग लिऊ यांच्या गटाने यीस्टच्या पेशीतच एक वेगळी जनुकपट्टी बसवली आहे. तिच्या प्रती काढणारे विकर तेवढ्या पट्टीपुरतेच चुका करते, आणि त्या चुकांचा वेग यीस्टच्या स्वतःच्या जनुकांपेक्षा सुमारे एक लाख पट असतो. तिथे पीसीआर नको, प्लेटी नकोत. पेशी वाढत राहतात, जनुक बदलत राहते आणि ज्या पेशीतले विकर चांगले ती पेशी इतरांच्या पुढे जाते. मात्र अशा पद्धतीत चाळण पेशीच्या वाढीचीच असते. ७० अंशांची चाळण तिथे लावता येत नाही, कारण ती लावताच चाळणीसकट सगळे मरते. फार उष्णता सोसणारे विकर हवे असेल, तर पुन्हा पेशीबाहेरच्या कढत पाण्याकडे यावे लागते. मुलीचा प्रश्न म्हणजे या पद्धतीची खरीखुरी मर्यादा होती, आणि मी ती शंका समजून निरसन करून टाकली होती.

यीस्टला स्वतःला उष्णता शिकवता येते का, हेही लोकांनी पाहिले आहे. २०१४ साली स्वीडनमधल्या एका गटाने यीस्ट ४० अंशांच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या वाढवून तिथे तग धरणारे वंश मिळवले. त्यांच्या पेशींच्या आवरणातले स्टेरॉल बदलले होते, जणू भिंतीचा गिलावाच वेगळा झाला होता. पुढे दिसले, की हे वंश जुन्या, ३० अंशांच्या घरी आता मागे पडतात. ४० अंश म्हणजे आमच्याकडे एप्रिलचा मध्य. त्यासाठी त्या पेशींना आवरण बदलावे लागले, आणि परतीचे घर थोडे परके झाले.

मी तिला बोलावून हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मग माझ्यापुढे एक प्लेट ठेवली. डिकीतली ती नळी मी टाकून द्यायला सांगितली होती. तिने टाकली नव्हती. त्यातला अर्धा मिलिलिटर द्रव तिने आगरवर पसरला होता, आणि तीन दिवसांनी तिथे सात वसाहती उगवल्या होत्या. मलईच्या रंगाच्या, गोल, टाचणीच्या डोक्याएवढ्या. “मॅडम, हे सात वाचले,” ती म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मला पुरता ओळखीचा होता, आणि त्यानंतर जे विचारावे लागते ते विचारणे मला त्या क्षणी नकोसे वाटले. हे सात सोसणारे होते, की नुसते नशिबाने वाचलेले? वाढ थांबवून बसलेल्या जुन्या पेशी भराभर वाढणाऱ्या पेशींपेक्षा उष्णतेत तशाही जास्त टिकतात. त्यांच्यात ट्रेहॅलोज ही साखर साठलेली असते आणि उसवलेल्या प्रथिनांची पुन्हा घडी घालून देणारी प्रथिनेही तयार असतात. गाळाच्या तळाशी, कापसाच्या बाजूला असलेल्यांना ऊन कमी लागले असेल. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, “ह्यांची पोरं पुन्हा तापवून बघायची ना?”

आम्ही सातही वंश ताजे वाढवले, सोबत फ्रिजमधला मूळ वंश घेतला आणि आठही नळ्या ५० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवल्या. बाहेर वीज येत-जात होती, म्हणून तिने तापमापी हातात धरून ठेवली आणि दर मिनिटाला आकडा वहीत लिहिला. दोन दिवसांनी प्लेटी उघडल्या, तेव्हा सातांत आणि मूळ वंशात काही फरक नव्हता. आठही प्लेटींवर तुरळक ठिपके होते, सारखेच. ते सात नशिबाने वाचले होते. ती बराच वेळ प्लेटी उजेडाकडे धरून पाहत राहिली, मग तिने त्यांच्यावरची लेबले नीट वाचली आणि वहीचे नवे पान उघडले.

“डिकीत पन्नास होतं का, हे आपण मोजलंच नाही,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने स्कूटर विभागासमोरच्या उन्हात लावली आणि डिकीत नुसती तापमापी ठेवली.